चष्मा काढून ठेवण्यापूर्वी

ताई चीच्या वर्गात, कराटेच्या हॉलमध्ये किंवा लाठीकाठीच्या मैदानावर पाऊल टाकताना आपल्याकडे एक गोष्ट अगदी सहज केली जाते. चपला दाराशी उतरवल्या जातात, घड्याळ पिशवीत जाते आणि त्याच्याबरोबर चष्माही. कधी शिक्षक सांगतात, कधी घरून सूचना आलेली असते, कधी आपल्यालाच वाटते की महागाचा चष्मा फुटण्यापेक्षा तासभर तो नसलेला बरा. विशीतल्या तरुणाने हा हिशेब केला तर त्यात फारशी चूक नाही. साठी-सत्तरीतल्या व्यक्तीने केला, तर त्या हिशेबात एक मोठी रक्कम मांडायची राहून गेलेली असते. चष्मा पडेल याची चिंता केली जाते. चष्म्याविना आपण पडू, ही चिंता सहसा कोणी करत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. ज्येष्ठांनी ताई चीसारखी युद्धकला शिकावी असे अलीकडे डॉक्टरही सुचवतात, ते मुख्यतः हे पडणे टळावे म्हणूनच. (ही युद्धकला कशी, असा प्रश्न संथ हालचाली पाहून पडतो खरा, पण तिच्या पूर्ण चिनी नावातील ‘छुआन’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘मूठ’ असा आहे.) व्यायाम आणि पडणे यांविषयीच्या संशोधनाचा कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला आढावा सांगतो की, ताई चीमुळे पडण्याचे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी घटू शकते. पुरावा फार भक्कम नाही, हेही त्या आढाव्याने प्रांजळपणे नोंदवले आहे. तरीही आशा वाटावी असाच हा आकडा आहे. मग ज्या व्यायामाने तोल सावरायचा, तोच व्यायाम आपण तोलाचा एक आधार काढून घेऊन करावा का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

तोलाचे तीन आधार

आपले शरीर उभे राहते ते तीन ठिकाणांहून येणाऱ्या बातम्यांच्या भरवशावर. एक बातमी कानाच्या आतल्या भागातून येते. डोके कोणत्या बाजूला कलले, किती वेगाने वळले, हे ती सांगते. दुसरी येते तळपाय, घोटे आणि गुडघ्यांतून. जमीन कशी आहे, शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, हे तिच्यातून कळते. तिसरी डोळ्यांतून येते. तरुणपणी या तिन्हींपैकी एखादी थोडी बिघडली तरी उरलेल्या दोन काम भागवतात. वय वाढते तसे कानातील यंत्रणा मंदावते आणि तळपायांची जाणीव बोथट होते. मधुमेह जुना असेल तर ही दुसरी बातमी कित्येकदा निम्मीच पोहोचते. अशा वेळी मेंदू डोळ्यांवर अधिकाधिक विसंबतो. ज्येष्ठ व्यक्ती अंधारात अधिक अडखळते, त्याचे एक कारण हेच आहे.

चष्मा काढल्यावर आपण किती आंधळे होतो, हे नंबरावर ठरते आणि त्याचा हिशेब सोपा आहे. उणे १ नंबर असेल तर चष्म्याविना साधारण १ मीटरवरचे स्पष्ट दिसते. उणे २ असेल तर ५० सेंटिमीटरवरचे, आणि उणे ५ असेल तर केवळ २० सेंटिमीटरवरचे. त्यापुढचे सारे धूसर. उभे असताना डोळ्यांपासून पायांजवळच्या जमिनीपर्यंतचे अंतर साधारण दीड मीटर असते. म्हणजे उणे १ नंबरच्या माणसाने चष्मा काढला तर त्याला फरशी थोडी अस्पष्ट दिसेल, पण त्याचे निभावून जाईल. उणे ५ नंबरच्या माणसाला मात्र चटईची कड, सतरंजीची दुमड, ओल्या फरशीवरची चकाकी यांतले काहीच नीट दिसणार नाही. अधिक नंबरवाल्यांची एक वेगळी अडचण असते. लहानपणी डोळ्यातील नैसर्गिक भिंग स्वतःचा आकार बदलून तो नंबर भरून काढते. साठीनंतर ती ताकद उरत नाही आणि मग दूरचे व जवळचे दोन्ही धूसर होते.

याची खातरजमा घरच्या घरी करता येते, मात्र एकट्याने करू नये. भिंतीच्या कोपऱ्यात, हात टेकता येईल इतक्या अंतरावर उभे राहावे आणि शेजारी घरातील कोणीतरी सावध असावे. पाय जवळ घेऊन आधी चष्म्यासह आणि मग चष्म्याविना काही क्षण उभे राहून पाहावे. पोटऱ्यांतले स्नायू किती धडपडू लागतात, शरीर किती डोलते, ते आपल्यालाच जाणवेल. ज्यांना फरक जाणवतो, त्यांनी चष्मा पिशवीत ठेवू नये, इतके तरी त्यातून निश्चित होते.

दोन नंबरांचा चष्मा आणि पायाखालची जमीन

‘म्हणजे आहे तो चष्मा लावूनच वर्गाला जायचे ना?’ असे आपण विचाराल. येथेच खरी मेख आहे. आपल्यातील बहुतेकांचा रोजचा चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असतो. वरच्या भागातून दूरचे आणि खालच्या भागातून जवळचे दिसावे, अशी त्याची रचना असते. वर्तमानपत्र वाचायला, फोन पाहायला, औषधाच्या बाटलीवरची तारीख तपासायला ती फार सोयीची आहे. पण पायांकडे पाहताना आपली नजर नेमकी त्या खालच्या भागातून जाते आणि तो भाग तर ४० सेंटिमीटरवरच्या अक्षरांसाठी घडवलेला असतो. दीड मीटरवरची जमीन त्यातून धूसर दिसते. किती धूसर? वाचनाचा नंबर अधिक अडीच असेल, तर उणे २ नंबरवाल्याने चष्मा काढून दूरवर पाहावे, जवळजवळ तेवढी. पायरी कोठे संपते, चटई कोठे सुरू होते, ही कड ओळखण्यात आणि खोलीचा अंदाज घेण्यात अशा चष्म्यांमुळे चूक होते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००२ मध्येच दाखवून दिले होते.

सामान्य चालण्यात यावर एक तोड असते. मान खाली वाकवायची, म्हणजे वरच्या भागातून जमीन दिसते. ताई चीमध्ये नेमके तेच करायचे नसते. डोक्याच्या टाळूला अदृश्य दोरा बांधून कोणी वर ताणून धरले आहे, असे समजून मान सरळ ठेवावी, हा तिथला पहिला पाठ. नजर समोर असते, हाताच्या हालचालीबरोबर फिरते. ‘ढगांसारखे हात’ या नावाने ओळखली जाणारी हालचाल पाहा. हात आळीपाळीने चेहऱ्यासमोरून सरकतात, कंबर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वळते आणि पावले आडवी पडत जातात. प्रोग्रेसिव्ह भिंगाच्या दोन्ही कडांना चित्र थोडे वाकडे होते, त्यामुळे अशा वेळी खोली हलल्यासारखी वाटते. मग ‘सोनेरी कोंबडा एका पायावर’ ही हालचाल येते. एक पाय उचललेला आणि उभ्या पायाखालची जमीन धूसर! शिक्षक म्हणतात, ‘आजी, खाली पाहू नका.’ आजींनी खाली पाहिले नाही, तरी डोळ्याच्या कडेने येणारी बातमी बिघडलेलीच असते. चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ मध्ये तयार केलेला चोवीस हालचालींचा संच आज सर्वत्र शिकवला जातो आणि त्यात हे दोन्ही प्रकार आहेत. तेव्हा हा प्रश्न थोड्यांचा नाही.

यावर उपाय आहे आणि तो तपासूनही पाहिला गेला आहे. सिडनी येथे सहाशेहून अधिक ज्येष्ठांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. सहभागी व्यक्तींचे सरासरी वय ८० होते आणि सारेच दोन किंवा अधिक नंबरांचा चष्मा वापरणारे होते. त्यांतील निम्म्यांना बाहेर वावरताना लावण्यासाठी केवळ लांबच्या नंबरचा साधा चष्मा देण्यात आला. जे नियमित बाहेर पडत, हिंडत-फिरत, त्यांचे पडणे सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. मात्र जे फारसे बाहेर पडतच नसत, त्यांचे बाहेरचे पडणे उलट वाढले.

हा दुसरा निष्कर्ष काळजी घेणाऱ्या मुला-सुनांनी विशेष ध्यानात ठेवावा. आईवडिलांसाठी काहीतरी चांगले करावे म्हणून आपण नवा चष्मा आणतो आणि त्यांच्या सवयीची घडी विस्कटते. त्याच शहरात सत्तरीपुढच्या अशक्त व्यक्तींवर झालेल्या आणखी एका चाचणीत, डोळे तपासून चष्मे बदलून दिलेल्या गटात पडण्याचे प्रमाण घटण्याऐवजी वाढलेले आढळले. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून निवाडा असा करावा लागतो: जे आजोबा रोज सकाळी बागेत जातात, आठवड्यातून तीनदा वर्गाला जातात, त्यांच्यासाठी लांबच्या नंबरचा स्वतंत्र चष्मा करून घ्यावा. ज्या आजी घरातच खुर्चीत बसून ताई चीच्या हाताच्या हालचाली करतात, त्यांचा सवयीचा चष्मा सवयीचाच राहू द्यावा. नंबर बदलावाच लागला, तर मोठा बदल एकदम न करता टप्प्याटप्प्याने करता येईल का, हे नेत्रतज्ज्ञांना अवश्य विचारावे. आणि नवा चष्मा मिळाल्यावर पहिले काही दिवस एका पायावरच्या हालचाली भिंतीला हात लावूनच कराव्यात.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांच्या डोळ्यांत लांबचे स्पष्ट दाखवणारे भिंग बसवलेले असते आणि चष्मा केवळ वाचनापुरता उरतो. त्यांनी व्यायामाच्या वेळी तो काढलेलाच बरा. त्यांच्यासाठी ‘चष्मा काढा’ ही सूचना अगदी योग्य आहे. परंतु एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्याची व्हायची आहे, असा जो मधला काळ असतो, तो मोठा फसवा असतो. दोन डोळ्यांतून येणारी चित्रे जुळत नाहीत आणि अंतराचा अंदाज चुकतो. या काळात जोडीदारासह करायचे सराव बंद ठेवावेत. शस्त्रक्रियेनंतर वर्ग पुन्हा कधी सुरू करावा, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे आणि विचारताना ‘व्यायाम करू का?’ इतकेच मोघम न विचारता वर्गात काय काय करतात ते सांगावे. वाकणे, जोर लावणे, दुसऱ्याचा हात चेहऱ्याजवळ येणे, हे शब्द त्यांच्या कानांवर पडले पाहिजेत. काचबिंदू असणाऱ्यांनीही डोके खाली व पाय वर करून थांबण्याचे प्रकार, मग ते वर्गाच्या सुरुवातीला अंग मोकळे करण्यासाठी का असेनात, डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. त्या स्थितीत डोळ्यातील दाब वाढतो.

व्यायामाचा चष्मा कसा असावा

चष्म्याच्या दुकानात गेल्यावर तीन गोष्टी सांगाव्यात. केवळ लांबचा नंबर हवा, भिंग पॉलिकार्बोनेटचे हवे आणि चौकट प्लास्टिकची, चेहऱ्यावर घट्ट बसणारी हवी. काचेचे भिंग अशा कामाला सर्वथा वर्ज्य मानावे. त्याच्या ठिकऱ्या होतात आणि त्या डोळ्यात जातात. नेहमीच्या प्लास्टिकचे भिंग त्या मानाने बरे, पण जोराच्या आघाताने तेही तडकते. पॉलिकार्बोनेट हा पदार्थ चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांच्या शिरस्त्राणांत वापरला गेला होता, यावरून त्याच्या चिवटपणाची कल्पना यावी. त्यावर ओरखडे मात्र लवकर पडतात. म्हणून त्यावर संरक्षक लेप असावा आणि ते साडीच्या पदराने किंवा शर्टाच्या टोकाने पुसू नये. साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावे. खेळासाठीच्या चष्म्यांत भिंग मध्यभागी निदान २ मिलिमीटर जाड असते आणि चौकटीची खाच अशी असते की, आघात झाला तर भिंग डोळ्याकडे न येता बाहेरच्या बाजूला निसटावे. एकट्याने, संथपणे सराव करणाऱ्या ज्येष्ठांना इतका खास चष्मा घ्यावाच लागतो असे नाही. पॉलिकार्बोनेटचे भिंग आणि बिनधातूची चौकट त्यांना पुरते. बिनचौकटीचा, स्क्रूवर तोललेला नाजूक चष्मा दिसायला कितीही सुबक असला, तरी वर्गात नको.

आपल्याकडे एक सवय घरोघरी दिसते. नवा चष्मा जपून ठेवायचा आणि व्यायामाला, बाजाराला जुना लावायचा. काटकसरीचे कौतुक असले तरी येथे ती महाग पडते, कारण जुन्या चष्म्यात जुना नंबर असतो आणि तोही बहुधा बायफोकलच असतो. साधा, एका नंबरचा चष्मा प्रोग्रेसिव्हच्या मानाने पुष्कळच स्वस्त मिळतो. घरच्यांना वाढदिवसाला शाल देण्याऐवजी हा देता येईल.

दोरीविषयी थोडे. चष्मा गळ्यात लोंबता राहावा म्हणून अनेक ज्येष्ठ साखळी किंवा दोरी वापरतात. वर्गात ती काढून ठेवावी. जोडीदाराची बोटे तिच्यात अडकू शकतात, लाठीचे टोक अडकू शकते आणि मग मानेला हिसका बसतो. त्याऐवजी दोन्ही काड्यांना जोडून डोक्याच्या मागे घट्ट बसणारा लवचीक पट्टा घ्यावा. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी पट्टा लावून पाहिल्यावरच विकत घ्यावा, कारण कानामागे गर्दी होते आणि यंत्र शिट्टी घालू लागते. पावसाळ्याच्या दिवसांत भिंगांवर वाफ धरते. अशा वेळी थांबून चष्मा पुसायची मोकळीक शिक्षकांनी ज्येष्ठांना दिलीच पाहिजे.

समोर माणूस आला की नियम बदलतो

येथपर्यंतचे सारे एकट्याने करायच्या सरावाविषयी होते. कराटेमध्ये त्याला ‘काता’ म्हणतात. ठरलेल्या क्रमाने, काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी केलेल्या हालचाली. त्यात चष्मा लावावा. ‘कुमिते’, म्हणजे प्रत्यक्ष समोरासमोरचा सामना, ही गोष्ट वेगळी. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांत अनेक वर्षे सामन्यात चष्म्याला बंदी राहिली आहे आणि मऊ कॉन्टॅक्ट लेन्स स्पर्धकाने स्वतःच्या जबाबदारीवर लावावी, असे म्हटले आहे. ज्यूदोमध्येही अंगावर कोणतीही कठीण वस्तू चालत नाही. हे नियम चष्मा वाचवण्यासाठी नाहीत. चौकटीचा तुटका कोपरा लावणाऱ्याच्या डोळ्यात किंवा समोरच्याच्या बोटात घुसू नये, यासाठी ते आहेत. त्यामुळे ज्येष्ठांनी यातला तिढा ओळखावा. सामन्यासाठी चष्मा काढावा लागतो आणि काढला तर तोल जातो. माझे स्पष्ट मत आहे की, ज्याला चष्म्याविना समोरच्याचे हात नीट दिसत नाहीत, त्याने साठीनंतर सामना खेळू नये. काता, संथ सराव, पकडीतून सुटण्याचे प्रकार यांतच शिकण्यासारखे खूप आहे.

कॉन्टॅक्ट लेन्सचा मार्ग काहींना सुचवला जातो. तरुणांना तो उपयोगी पडतो. चित्रपटांमुळे जगभर गाजलेल्या ब्रूस ली यांची दूरची नजर बरीच कमजोर होती आणि तेही कॉन्टॅक्ट लेन्स वापरत. पण उतारवयात डोळे कोरडे पडतात, बोटे थरथरतात आणि लेन्स लावणे-काढणे हेच एक दिव्य होऊन बसते. शिवाय लेन्समुळे डोळ्याला आघातापासून कोणतेही संरक्षण मिळत नाही, हे विसरू नये.

ताई चीमध्ये ‘ढकलहात’ नावाचा जोडीचा सराव असतो. दोघांचे मनगट मनगटाला टेकलेले असते आणि समोरच्याचा जोर कोठून येतो, हे त्वचेला ओळखायला शिकवले जाते. संथ गतीने, पाय जागच्या जागी ठेवून केला तर हा सराव ज्येष्ठांना अतिशय मानवतो. त्यात पट्ट्याने बांधलेला प्लास्टिकच्या चौकटीचा चष्मा चालतो. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, एवढे आधी ठरवून घ्यावे. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांतील किंवा आखाड्यातील लाठी शिकणाऱ्यांनी मात्र अंतराचे भान अधिक ठेवावे. फिरत्या लाठीचे टोक हाताच्या मानाने कितीतरी वेगाने येते आणि नेहमीचा कोणताही चष्मा त्यापुढे टिकणार नाही. एकट्याने लाठी फिरवावी. दोघांचा वार-अडवणीचा सराव असेल, तर चेहऱ्यावर जाळीचे शिरस्त्राण हवे.

नातवंडांच्या वर्गाबाहेर बसलेल्यांसाठी

आपल्यापैकी अनेकांची संध्याकाळ नातवाला किंवा नातीला कराटे-तायक्वांदोच्या वर्गाला नेण्यात जाते. मुलांच्या चष्म्याचा हिशेब पुन्हा वेगळा असतो आणि तो आजी-आजोबांनी जाणून घेतलेला बरा, कारण वर्गाच्या दारात तो चष्मा बहुधा आपल्याच हाती सोपवला जातो.

मुलाला ‘आळशी डोळा’ असेल आणि त्यासाठी उपचार चालू असतील, तर डॉक्टरांनी सांगितले असेल तितका वेळ चष्मा लागलाच पाहिजे. तासभराचा वर्ग आठवड्यातून चार दिवस असेल, तर तेवढे तास उपचारातून वजा होतात. शिक्षकांशी बोलून काता आणि व्यायामाच्या वेळी पट्ट्यासह, पॉलिकार्बोनेट भिंगांचा चष्मा ठेवण्याची परवानगी घ्यावी. याहून गंभीर बाब म्हणजे एकाच डोळ्यावर भिस्त असलेले मूल. चष्मा लावूनही ज्याच्या कमजोर डोळ्याची दृष्टी ६/१२ पेक्षा कमी आहे, त्याला वैद्यकीय दृष्ट्या एकाच डोळ्याचा खेळाडू मानतात. अशा मुलांनी मुष्टियुद्ध आणि पूर्ण आघाताच्या युद्धकला खेळू नयेत, अशी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या व नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांची संयुक्त भूमिका आहे, कारण या खेळांत डोळ्यांचे पुरेसे संरक्षण करणारे साधनच उपलब्ध नाही. मुलाचे मन मोडेल म्हणून हे सांगायला घरातले कचरतात. काता, शस्त्रांविना संचलन, श्वासाचे व लवचीकतेचे व्यायाम यांची दारे त्याला उघडी राहतात, हेही त्याच वेळी सांगावे. चांगला शिक्षक ऐकतो. न ऐकणारा भेटला तर वर्ग बदलावा. पट्ट्याचा रंग नव्या वर्गातही मिळतो.

नंबर उणे ६ किंवा त्याहून मोठा असेल, मग तो नातवाचा असो की आपला, तर सामन्याच्या वर्गात नाव घालण्यापूर्वी बाहुली मोठी करणारे थेंब घालून दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी. मोठ्या उणे नंबरच्या डोळ्यात दृष्टिपटल ताणलेले असते आणि आघाताने ते सुटण्याचा धोका अधिक असतो.

आणि लागलेच तर

डोळ्याला ठोसा, कोपर किंवा लाठी लागली तर आपल्या घरांत पहिला हात तुपाच्या, मधाच्या किंवा गुलाबपाण्याच्या बाटलीकडे जातो. तो आवरावा. डोळा चोळू नये, दाबू नये, त्यात काही घालू नये. आत काही रुतले असेल, तर ते उपसून काढू नये. कागदी पेल्याचा तळ कापून तो डोळ्याभोवतीच्या हाडांवर टेकेल असा हलकेच धरावा किंवा चिकटवावा, म्हणजे डोळ्यावर दाब येत नाही, आणि तसेच नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. नाक शिंकरू नये. डोळ्याखालचे पातळ हाड मोडले असेल, तर नाकातली हवा डोळ्याच्या खोबणीत शिरते. दिसणे कमी होणे, एकाचे दोन दिसणे, बुबुळासमोर रक्ताची पातळी दिसणे, अचानक ठिणग्या किंवा काळे ठिपके दिसू लागणे, नजरेसमोर एका बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नये. दुखणे थांबले म्हणून निर्धास्तही होऊ नये. मार बसलेल्या डोळ्यात काही वर्षांनंतरही काचबिंदू उद्भवू शकतो, म्हणून पुढच्या तपासण्यांच्या वेळी जुन्या माराचा उल्लेख डॉक्टरांकडे आवर्जून करावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर तेही लगेच सांगावे.

चष्म्यानेही दिसत नाही, त्यांचे काय?

दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजलेला, काचबिंदूने कडा खाल्लेल्या, अशी नजर घेऊन जगणारे वाचकही हा अंक कोणाकडून तरी वाचून घेत असतील. त्यांना येथवरचे सारे परके वाटले असेल. त्यांच्यासाठी दुसऱ्या एका खेळाचे उदाहरण आहे. दृष्टिबाधितांचा ज्यूदो १९८८ च्या सोल पॅरालिम्पिकपासून त्या स्पर्धांत खेळला जातो. डोळस ज्यूदोत खेळाडू अंतरावरून सुरुवात करतात आणि पकड मिळवण्यासाठी झटतात. दृष्टिबाधितांच्या सामन्यात दोघांनी एकमेकांचे अंगरखे आधीच धरलेले असतात. त्या एका बदलाने नजरेचे काम हातांकडे जाते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये मध्य प्रदेशच्या कपिल परमार यांनी या खेळात कांस्यपदक मिळवले. पॅरालिम्पिक ज्यूदोमधील भारताचे ते पहिलेच पदक होते.

ज्येष्ठांनी ज्यूदोची फेकाफेकी करावी असे अर्थातच कोणी म्हणणार नाही. पण हाती काहीतरी धरून सुरुवात करण्याची ही पद्धत घरी आणता येते. मजबूत, न सरकणाऱ्या खुर्चीची पाठ धरून ताई चीची पावले टाकता येतात. काळजी घेणाऱ्या व्यक्तीने समोर उभे राहून दोन्ही मनगटे मनगटांना टेकवावीत आणि ‘ढकलहात’ अगदी हळू, श्वासाच्या लयीत करावा. चटई पायाखाली सरकणारी नसावी, फार मऊही नसावी, कारण मऊ चटईत पाऊल रुतते आणि तळपायांची उरलीसुरली बातमीही मंदावते. बाजू बदलताना तोंडाने सांगावे: ‘आता भार डाव्या पायावर.’ पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे पुरेत.